अडीच बाय पावणेदोन

१९९४ साल असेल, आठवी ब चा तास. कपाटाच्या दारावर मी एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं, त्यावर मोनालिसा, वहीच्या पानाएवढी. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे चित्र खरं केवढं आहे?" आणि मी सांगून टाकलं, "भिंतीएवढं असेल रे."

मला माहीत नव्हतं. जगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र, म्हणजे भिंतीएवढं असणारच असं मी धरूनच चाललेले. पुढे काही वर्षांनी एका पुस्तकात खाली बारीक अक्षरात माप दिसलं आणि पोटात गोळाच आला, कारण तोवर ती बॅच दहावी होऊन पांगली होती. एकतीस वर्षं चित्रकला शिकवली मी, कराडजवळच्या एका हायस्कुलात, एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकड्यांनी पोरं बसवली, त्यातलं बरंच आता आठवत नाही, पण हे एक वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

तर लेक-जावई नेदरलँड्सला असतात, २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलेले तेव्हा लेकीने विचारलं आई तुला कुठे जायचंय, आयफेल टॉवर, ट्युलिप, स्वित्झर्लंड, काय ते सांग. म्हटलं मला पॅरिसच्या लुव्र म्युझियमला ने, मोनालिसा आहे तिथे, आणि एक अख्खा दिवस दे, मध्ये घाई करायची नाही. नातीलाही घेतलं बरोबर, आठ वर्षांची आहे. मंगळवारी बंद असतं म्हणून बुधवारची सकाळी नऊची वेळ ऑनलाइन घेतली. आणि मी पर्समध्ये काय काय घेतलं तर स्केचबुक, दोन बी पेन्सिली, खोडरबर आणि शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी. मोजपट्टी बघून लेक म्हणाली "आई, तिथे चित्रांना हात लावून देणार आहेत का?" म्हटलं हात नाही गं लावायचा, असूदे आपली जवळ.

पहिली गोष्ट म्हणजे ती इमारत. फोटोत आपल्याला कायम तो काचेचा पिरॅमिडच दिसतो, १९८९ साली झालेला, आय. एम. पेई या आर्किटेक्टचा, पण पिरॅमिडच्या तिन्ही बाजूंनी जे पसरलंय ते फोटोत मावतच नाही. एका टोकाशी उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची माणसं मुंगीएवढी. आणि हे एका राजाने बांधलेलं नाही, जो आला त्याने एकेक बाजू वाढवली, कुणी पाडलं, कुणी जोडलं, असं सातशे वर्षं चाललंय.

आम्ही आधी तळघरात गेलो. तिथे जुना किल्ला आहे, म्हणजे त्याचा पाया आणि खंदक. फिलिप ऑगस्ट नावाच्या राजाने ११९० च्या सुमाराला पॅरिसच्या रक्षणासाठी हा किल्ला बांधायला घेतला, साधारण त्याच काळात आपल्याकडे भिल्लम यादव देवगिरीला राजधानी वसवत होता. पुढे वर राजवाडे उठत गेले आणि किल्ला मातीत गाडला गेला, १९८० नंतरच्या खोदकामात परत उघडा झाला. आता तुम्ही चक्क खंदकातून चालता, दोन्ही बाजूंना चिरेबंदी भिंत, पायाखाली फळ्या, वर छत. लोक भराभर पुढे जात होते. मी मात्र थांबले कारण दगडांवर खुणा होत्या, पाथरवटांच्या, आपण किती चिरे घडवले ते कळावं म्हणून कोरलेल्या, आणि त्यातली एक खूण बदामाची! नातीने ती पहिल्यांदा पाहिली. "आजी, हार्ट!" आठशे वर्षांपूर्वीचा एक कारागीर, दिवसाची मजुरी मोजली जावी म्हणून दगडावर बदाम काढतोय. त्याच दगडांवर पुढे राजे राहिले.

तिथून वर इजिप्तच्या दालनात. या दिवसातला सगळ्यात मोठा वेळ मी इथे घालवला, एका पन्नासेक सेंटिमीटरच्या मूर्तीसमोर. बसलेला लेखनिक म्हणतात त्याला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, सक्काराला १८५० साली ऑग्युस्त मारिएत यांना सापडलेला, चुनखडीच्या दगडाचा आणि वर रंग दिलेला. हा माणूस मांडी घालून बसलाय. अगदी आपल्यासारखी मांडी. मांडीवर पपायरसची गुंडाळी अर्धी उलगडलेली, उजव्या हाताची बोटं लेखणी धरल्यासारखी, लेखणी मात्र हरवलीय. छाती जरा सैल, पोटाला घड्या पडलेल्या, कारण बसून काम करणारा माणूस आहे तो, राजा नाही, देव नाही, दिवाणजी आहे. पेढीवर कीर्दखतावणी लिहिणारे दिवाणजी ज्यांनी पाहिलेत त्यांना तो लगेच ओळखू येईल.

आणि डोळे. डोळ्यांबद्दल जरा सांगते. पांढरा भाग पांढऱ्या दगडाचा, त्यात लाल शिरासुद्धा आहेत, त्यावर बुबुळ स्फटिकाचं, घासून घासून काचेसारखं केलेलं, आणि सगळा डोळा तांब्याच्या पातळ पट्टीत बसवलेला, ती पट्टीच पापणीची कड होते, काजळ घातल्यासारखी. आपण डावीकडे सरकलो की उजेड सरकतो आणि तो आपल्याकडे बघतो. उजवीकडे सरकलो तरी बघतो. समोरचा साहेब काय बोलतोय ते उतरवून घ्यायला एकदम तयार, पुढचा शब्द आला की लिहिणार. साडेचार हजार वर्षं तो त्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसलाय असं वाटलं मला, आणि डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही मी ते.

पेन्सिलने स्केच करायला तिथे आडकाठी नाही. मी जमिनीवरच बसले असते पण बाक मिळाला. चाळीस मिनिटं काढलं. मांडी घातलेली आकृती काढणं पोरांना फार अवघड जातं, गुडघे पुढे येतात ते छोटे दाखवावेत का मोठे कळत नाही, स्मरणचित्रात हमखास तिथेच मार्क जातात. या माणसाचे गुडघे बघून मला वाटलं हा एक जरी वर्गात नेता आला असता तर. फोटोत हे कळतच नाही हो! फोटोत गुडघा सपाट होतो. नात शेजारी बसून तिच्या वहीत काढत होती, तिने फक्त डोळे काढले, दोनच, पानभर. बरोबर होतं तिचं.

मग जिन्यावरची ती पंखवाली विजयदेवता, सामोथ्रेस बेटावर १८६३ मध्ये तुकड्यातुकड्यात सापडलेली, डोकं नाही, हात नाहीत, पण जहाजाच्या नाळेवर उतरतेय आणि वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटलंय असं की दगड ओला वाटतो. खालच्या नाळेसकट साडेपाच मीटर उंची. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध तोंडावर आलं तेव्हा हिला त्याच जिन्यावरून खाली उतरवलं होतं, पायऱ्यांवर लाकडी उतार टाकून, दोरखंडाने धरून, इंच इंच. मी त्या पायऱ्या मोजत वर चढले आणि डोक्यात सारखं तेच, की एवढं मोठं, एवढं ठिसूळ, आणि खाली माणसं श्वास रोखून.

शेजारीच अपोलोचं दालन. छतापासून जमिनीपर्यंत सोनं, चित्रं, शिल्पं, इथे मात्र कळतं की हे म्युझियम नव्हतं, राजाचं घर होतं. चौदाव्या लुईच्या तरुणपणी १६६१ च्या आगीनंतर हे करायला घेतलं, चित्रकार ल ब्रँ, पण राजाचं मन व्हर्सायकडे गेलं, १६८२ ला दरबारच तिकडे हलला, आणि छताचा मधला भाग तसाच कोरा राहिला. तो भरला १८५१ मध्ये, दलाक्र्वा या चित्रकाराने. जवळजवळ दोनशे वर्षं अर्धवट छत!

इथेच एका काचेच्या पेटीत रीजंट नावाचा हिरा होता. १४० कॅरटचा, चांगल्या सुपारीएवढा. हा आपल्याकडचा. गोवळकोंड्याच्या मुलखातली कोल्लूरची खाण, कृष्णाकाठची, तिथला. मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने, थॉमस पिट त्याचं नाव, तो घेतला, आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्याला, विकला, म्हणून ते नाव. पुढे नेपोलियनच्या तलवारीत बसला. मी कराडची, रोज सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाते, जे पाणी मी बघते तेच खाली वाहत वाहत त्या खाणीच्या बाजूने जायचं, आणि तिथला दगड इथे पॅरिसमध्ये दिव्याखाली. लेकीला म्हटलं हे बघ आपल्या नदीचं. तिथून हलवेना मला.

(घरी परत आल्यावर १९ ऑक्टोबरला बातमी वाचली की भर सकाळी चोर शिडीच्या ट्रकवरून याच दालनाच्या खिडकीत चढले आणि काही मिनिटांत राजघराण्याचे आठ दागिने घेऊन गेले. रीजंट राहिला. पण त्या पेट्या मी पाच महिन्यांपूर्वी नाक लावून पाहिलेल्या, दिवसभर हातात काम धरवेना. लोकांची वस्तू होती ती, राजांकडून लोकांकडे आलेली, तिकीट काढून कुणीही बघावी अशी.)

कारण हे सगळं लोकांचं कसं झालं तेही तिथे फिरताना सारखं मनात येतं. १० ऑगस्ट १७९२ ला राजसत्ता कोसळली, पुढच्या जानेवारीत सोळाव्या लुईला मारलं, आणि बरोबर वर्षाने, १० ऑगस्ट १७९३ ला, राजवाड्याचं दार म्युझियम म्हणून उघडलं. सुरुवातीला त्यातले बरेच दिवस तर फक्त चित्रकारांसाठी राखून ठेवलेले, आत बसून कॉपी करायला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलेलं. ज्याला शिकायचंय त्याला आधी आत घ्या.

आणि ते अजून चालू आहे! ग्रँड गॅलरीत, म्हणजे चौथ्या हेन्रीने बांधलेला तो लांबच लांब सज्जा, आज २८८ मीटर, चालता चालता पाय दुखतात, तिथे एक बाई इझल लावून बसलेल्या. माझ्याच वयाच्या असतील. एप्रन, तेलाचा वास, शेजारी चिंध्या, आणि समोरच्या चित्राची कॉपी चाललेली, आजूबाजूला एवढी गर्दी पण मान वर नाही. मी मागे उभी राहिले, त्यांनी एकदा वळून पाहिलं, मी स्केचबुक दाखवलं, त्या हसल्या. भाषा येत नव्हती पण त्यांनी ब्रशने दाखवलं कुठे अडकल्यात ते, गळ्याच्या सावलीत. हिरवट करडा लागतो तिथे, मीही मान हलवली. लेकीने तिथल्या माणसाला विचारून घेतलं, तर यासाठी रीतसर परवाना लागतो, आणि एक नियम आहे, कॉपी मूळ चित्राच्या मापाची करायची नाही. लहान करा किंवा मोठी करा, तेवढीच नको.

माप! मी लेकीला दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाला का? म्हणजे रंग तोच चालेल, चेहरा तोच चालेल, ब्रशचा फटकारा तोच चालेल, पण माप मात्र फक्त मूळ चित्राकडेच राहिलं पाहिजे, कॉपीला ते मिळायचं नाही. आम्ही आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं आणि पुस्तकात सगळी चित्रं एकाच मापाची असतात, पानाएवढी. अजिंठ्याची भिंतही तेवढीच आणि लघुचित्रही तेवढंच. चित्राचं वजन काय, आपण त्याच्यापुढे केवढे, मान वर करायची का खाली वाकायचं, हे पुस्तकाला सांगताच येत नाही. आठवी ब मधल्या त्या पोराने बरोबर तेच विचारलेलं, आणि एवढा खरा प्रश्न मला नंतर कुठल्याच वर्गात कुणी विचारला नाही.

मग मोनालिसा. गर्दीचं काय सांगायचं, सगळ्यांना माहीत आहे, दोरीच्या रांगा, डोक्यांवर मोबाईल. अर्धा तास लागला पुढे पोचायला. बहुतेक सगळे परत येऊन सांगतात की अगं ते इतकं लहान आहे, निराशा झाली. माझी अजिबात नाही झाली. उंची ७७ सेंटिमीटर, रुंदी ५३, पॉप्लरच्या लाकडी फळीवर. आता ज्यांनी चित्रकलेचा कागद हाताळलाय त्यांना सांगते, फुल इम्पिरियल शीट असते २२ बाय ३० इंच, म्हणजे ५६ बाय ७६. मोनालिसा जवळजवळ फुल इम्पिरियल आहे! मी दुकानातून शंभर शंभर शीट आणायचे, त्याचे चार तुकडे करून पोरांना द्यायचे, कारण अख्खी शीट परवडायची नाही. पाव कागदावर परीक्षा, अर्धा कागद मिळाला तर चैन. अख्ख्या शीटवर काम करणं म्हणजे काय असतं ते विचारा कुणाही चित्रकाराला, खांद्यापासून हात फिरवावा लागतो. चेहरा जवळजवळ खऱ्या माणसाएवढा येतो. ती बाई आपल्यासमोर खिडकीत बसल्यासारखी, आपल्याच मापाची. लहान नाहीये ते चित्र, माणसाएवढं आहे. तो हॉल राजवाड्याचा आहे म्हणून लहान दिसतं. लिओनार्डो १५१६ मध्ये फ्रान्सला आला तेव्हा हे त्याच्याबरोबर आलं, राजा पहिला फ्रान्स्वा याने ते मिळवलं, तेव्हा ते असं दोरीपलीकडे नव्हतं, कुणीतरी दोन हातात धरून बघितलं असेल.

मी पर्समधून मोजपट्टी काढली आणि हवेतच, लांबून, दोन हातात ७७ धरून पाहिलं. शेजारच्या लोकांना वाटलं असेल काय करतेय ही, पण मला ते बघायचंच होतं.

मागे वळल्यावर समोरच्या भिंतीवर व्हेरोनीज या इटालियन चित्रकाराचं 'काना इथलं लग्न'. हे मात्र खरंच भिंतीएवढं आहे. पावणेसात मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद. आमच्या कराडच्या फ्लॅटची सगळी फरशी साडेसहाशे चौरस फूट, हे चित्र सातशेच्या वर. आमचं आख्खं घर उभं केलं, स्वयंपाकघर-गॅलरीसकट, तरी ते त्या कापडात मावेल. सव्वाशेच्या वर माणसं आहेत त्यात, पंगत बसलीय, वाढपी धावतायत, वर कोणी मटण कापतंय, मधोमध वाजंत्री, खाली कुत्री, पिवळ्या अंगरख्यातला एक माणूस दगडी रांजणातून ओततोय, बायबलातल्या गोष्टीत येशूने पाण्याची वाईन केली तो क्षण. आणि हे लावलेलं कुठे होतं, तर व्हेनिसला सान जॉर्जोच्या मठात, जेवणाच्या दालनात. १५६३ ला पूर्ण झालं. म्हणजे खाली साधू मुकाट्याने जेवतायत आणि वर भिंतीवर लग्नाची पंगत. दोन्ही पंगती समोरासमोर. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते उतरवून आणलं. तिथल्या भिंतीवर आता हुबेहूब डिजिटल प्रत आहे, २००७ पासून, पूर्ण मापाची. हे मला बरोबर वाटत नाही, मूळ चित्र त्या जेवणघरासाठीच काढलेलं होतं, परत द्यायला हवं असं माझं मत आहे. पण त्या दिवशी मी त्याच्यासमोर पाऊण तास बसले आणि नातीला एकेक माणूस शोधायला लावला हेही तितकंच खरं.

दुपारी डबा खाऊन (लेकीने पराठे केलेले) आम्ही पलीकडच्या रिशल्यू बाजूला गेलो, या भागात १९८९ पर्यंत फ्रान्सचं अर्थखातं होतं म्हणे. वरच्या मजल्यावर शांत. तिथे व्हर्मीर या डच चित्रकाराची लेस विणणारी मुलगी. २४ बाय २१ सेंटिमीटर. कागदाच्या पाव शीटच्याही जेमतेम निम्मी. इतक्या प्रचंड वाड्यात एवढंसं चित्र, वाकावं लागतं. ती मुलगी पण वाकलेली, हातात दोन टाचण्या-रिळं आणि दोन बोटांमध्ये ताणलेला एक धागा, तो धागा फक्त टोकदार, लख्ख, बाकी सगळं जरा धूसर. उशीतून लाल आणि पांढरे दोरे सांडलेत, ते तर दोरे म्हणून काढलेलेच नाहीत, नुसता रंग ओघळू दिलाय. बारीक काम करताना नजर जिथे असते तेवढंच स्पष्ट दिसतं आणि बाकीचं विरतं, सुईत दोरा ओवताना बघा. तेच काढलंय त्याने. मी आणि नात दोघी इतक्या वाकलो की गार्ड दोन पावलं पुढे आला.

संध्याकाळी पाय सुजलेले. निम्माही झाला नाही राजवाडा. लेक म्हणाली परत येऊ, मी काही बोलले नाही.

कराडला आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे एक फुल इम्पिरियल शीट आणली, रुंदीत तीन सेंटिमीटर कापली, आणि उंचीला एक सेंटिमीटरची पट्टी चिकटवली. कोरीच. मग ती गुंडाळून स्टँडवर गेले. आठवी ब मधल्या त्या पोराचं आता फ्लेक्सचं दुकान आहे तिथे, लग्नाचे, वाढदिवसाचे बोर्ड छापतो, केस पिकलेत त्याचे. बाई आल्या म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं की तू एकदा एक प्रश्न विचारलेलास आणि मी तुला चुकीचं उत्तर दिलं, आज बरोबर उत्तर आणलंय. त्याला आठवत नव्हतं. पण मी शीट टेबलावर पसरली तेव्हा त्याने सवयीने खिशातला टेप काढला, आडवा लावला, उभा लावला.

"अडीच बाय पावणेदोन," म्हणाला. मग थोडं थांबून, "एवढंच?"

म्हटलं एवढंच. आणि समोरच्या भिंतीवर एक आहे ते बावीस बाय साडेबत्तीस फूट.

"हातानं?" त्याने विचारलं. "एवढं कापड तर जोड दिल्याशिवाय होतच नाय बाई."

जोड दिलेलीच आहे रे, मी म्हटलं, आणि मोबाईलमधला फोटो मोठा करून त्याला शिवण शोधायला बसले.